मैद्याऐवजी रताळे: खरी बचत साखरेत

शंभर ग्रॅम मैद्यात सुमारे ७५ ग्रॅम कर्बोदके असतात, तेवढ्याच रताळ्यात जेमतेम २०. बाकी बहुतेक पाणीच. म्हणून ब्राउनीत मैद्याऐवजी रताळे घालावेसे वाटते, पण तिच्यात मुळात मैदा थोडा आणि साखर-लोणी जास्त. त्यामुळे नुसता मैदा वगळून साखर तेवढीच ठेवली, तर पदार्थ पौष्टिक झाला असे म्हणता येणार नाही. रताळ्याचा मोठा गुण वेगळाच आहे. ते सालीसकट सावकाश भाजले की आतल्या स्टार्चची माल्टोज ही साखर बनते, सालीतून चिकट पाक पाझरतो आणि वरची साखर बरीच कमी करता येते. शेवटी तीही साखरच, हा आक्षेप रास्त आहे. मात्र तिच्यासोबत तंतू आणि पोटॅशियमही येते. रताळ्याची ब्राउनी गिच्च होते ही तक्रारही खरी. त्यासाठी रताळे उकडू नये, भाजावे, आणि गरात थोडी बदामाची पूड मिसळावी.