कर्करोगातील म्यूसिन-गॅलेक्टिन संकेतवहन

कर्करोगातील म्यूसिन-गॅलेक्टिन संकेतवहन ही पेशीच्या पृष्ठभागावरील म्यूसिन प्रथिने आणि शर्करा ओळखून त्यांना चिकटणारी प्रथिने (लेक्टिन) यांच्यातील आंतरक्रिया आहे. या आंतरक्रियेमुळे पेशीची वाढ, चिकटण्याची क्षमता आणि प्रसार यांना चालना मिळते. एमयूसी१ हे म्यूसिन व गॅलेक्टिन-३ हे लेक्टिन यांची जोडी हे तिचे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण होय.

== रचना ==
एमयूसी१चे जनुक मानवी गुणसूत्र १ वर असते. तयार होतानाच या प्रथिनाचे दोन भाग होतात, मात्र ते सहसंयुज बंधाविना एकमेकांशी जोडलेले राहतात. पेशीबाहेरील लांब भागात २० अमिनो आम्लांचा एकच क्रम अनेकदा पुनरावृत्त होतो. या क्रमातील सेरीन व थ्रिओनीन यांना शर्करेच्या साखळ्या जोडलेल्या असतात. दुसरा भाग पेशीपटल ओलांडून आत जातो आणि त्याचे ७२ अमिनो आम्लांचे शेपूट पेशीद्रव्यात असते.

गॅलेक्टिन-३ बीटा-गॅलॅक्टोसाइड शर्करांना बांधते. त्याचे अनेक रेणू एकत्र येऊन समूह बनवू शकतात. त्यामुळे ते पृष्ठभागावरील दोन वेगळ्या प्रथिनांना जोडणाऱ्या पुलाचे काम करते.

== निरोगी व कर्कपेशींतील फरक ==
निरोगी अभिस्तर पेशीत एमयूसी१ केवळ पोकळीकडील टोकावर असते आणि त्याचे दाट शर्करा-आवरण जंतू व विकरांपासून संरक्षण करते. वाढीचे अनेक ग्राही मात्र पेशीच्या बाजूंवर आणि तळाशी असतात. त्यामुळे दोहोंची सहसा गाठ पडत नाही.

स्तन, स्वादुपिंड, फुप्फुस व अंडाशय यांच्या अनेक कर्करोगांत ही ध्रुवीयता नष्ट होते. एमयूसी१चे प्रमाण वाढते आणि ते पेशीच्या सर्व बाजूंवर पसरते. शर्करेच्या साखळ्याही अपुऱ्या राहतात. परिणामी टीएन, सियालिल-टीएन आणि थॉमसन-फ्रीडेनराइख (टी) ही एरवी झाकलेली प्रतिजने उघडी पडतात.

== संकेतवहन ==
* '''ग्राहींशी जोडणी:''' गॅलेक्टिन-३ हे एमयूसी१ला एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर रिसेप्टरशी (ईजीएफआर) जोडू शकते. हा ग्राही एमयूसी१च्या शेपटातील टायरोसीनवर फॉस्फेट बसवतो आणि त्यामुळे सार्क व बीटा-कॅटेनिन ही प्रथिने तेथे अधिक बांधली जातात. शेपटाचा भाग केंद्रकात पोहोचून जनुकांच्या अभिव्यक्तीवरही परिणाम करतो.
* '''चिकटण्यातील बदल:''' एमयूसी१चा लांब भाग एरवी पेशींना परस्परांपासून दूर ठेवतो. गॅलेक्टिन-३ टी प्रतिजनाला बांधले की एमयूसी१चे रेणू एका जागी गोळा होतात. त्यामुळे खालचे आसंजन-रेणू उघडे पडून रक्तात फिरणारी कर्कपेशी रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटते. ही प्रसाराची एक महत्त्वाची पायरी आहे.
* '''भौतिक परिणाम:''' २०१४ मधील संशोधनानुसार जाड शर्करा-आवरण इंटिग्रिन ग्राहींना ठराविक ठिकाणी एकवटण्यास भाग पाडते. त्यामुळे पेशीच्या वाढीचे व टिकून राहण्याचे संकेत बळावतात.
* '''प्रतिकारशक्तीपासून बचाव:''' सियालिक आम्लयुक्त एमयूसी१ प्रतिकारपेशींवरील सिग्लेक-९ या लेक्टिनला बांधते. त्यामुळे महाभक्षी पेशी अर्बुदाला पोषक असे वर्तन करू लागतात.

अंडाशयाच्या कर्करोगात एमयूसी१६ हे म्यूसिन मेसोथेलिन या प्रथिनाला चिकटते. उदरपोकळीत कर्कपेशी पसरण्यास या बंधामुळे मदत होते, असे मानले जाते.

== वैद्यकीय महत्त्व ==
रक्तातील सीए १५-३ ही चाचणी एमयूसी१च्या, तर सीए १२५ ही एमयूसी१६च्या पेशीपासून सुटलेल्या अंशाचे मापन करते. स्तनाच्या किंवा अंडाशयाच्या कर्करोगावरील उपचारांचा परिणाम पाहण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. मात्र यकृताच्या काही विकारांतही सीए १५-३ वाढते आणि एंडोमेट्रिओसिस व मासिक पाळीच्या काळात सीए १२५ वाढू शकते. उलट, कर्करोगाच्या सुरुवातीच्या अवस्थेत ही मूल्ये सामान्यही असू शकतात. म्हणून केवळ या चाचण्यांवरून कर्करोगाचे निदान केले जात नाही किंवा तो नसल्याचा निष्कर्षही काढला जात नाही.

एमयूसी१विरुद्ध प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या टेसेमोटाइड या लसीमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाच्या तिसऱ्या टप्प्यातील वैद्यकीय चाचणीत एकूण आयुर्मान लक्षणीयरीत्या वाढले नाही. निरोगी पेशींवरही एमयूसी१ असल्याने केवळ कर्कपेशींना लक्ष्य करणे कठीण असते. त्यामुळे पुढील संशोधनाचा भर कर्कपेशींवरील अपुऱ्या शर्करा ओळखणारी प्रतिपिंडे, अभियांत्रिकीने बदललेल्या टी-पेशी आणि गॅलेक्टिन-३चे रोधक यांवर आहे.