जमिनीखालचं 141 टीएमसीचं धरण

पावसाळ्यात सकाळी पेपर उघडला की पहिली नजर कोयनेच्या आकड्यावर जाते. 105 टीएमसी झालं म्हणजे धरण भरलं, वर्षाची चिंता मिटली. आता त्याच मापात ऐका. उत्तर जर्मनीत रेडेन नावाचं गाव आहे आणि तिथल्या जमिनीखाली 141 टीएमसीचं धरण आहे. पाण्याचं नव्हे, नैसर्गिक वायूचं.

वरून बघाल तर शेतं, पाइपांची जाळी, कॉम्प्रेसरच्या शेड. भिंत नाही, जलाशय नाही. साठा आहे दोन किलोमीटर खोल, आठ चौरस किलोमीटरवर पसरलेला. खाली मोठी गुहा असेल असं वाटतं ना? गुहा नाहीच. कोरडी वीट बादलीत टाकली की ती पाणी पिते, तसा तिथला सच्छिद्र खडक वायू धरून ठेवतो. एकेकाळी याच खडकातून वायू काढत. तो संपल्यावर 1990च्या दशकात तिथंच कोठार केलं.

धरणासारखा इथंही मृतसाठा असतो. दाब टिकावा म्हणून अशा जुन्या क्षेत्रांत साधारण निम्मा वायू कायमचा आतच ठेवावा लागतो. तेव्हा 141 टीएमसी, म्हणजे 400 कोटी घनमीटर, हा नुसता उपयुक्त साठा. (हे माप वायू वर येऊन मोकळा झाल्यावरचं, खाली तो प्रचंड दाबाखाली असतो.) स्वयंपाकघरातल्या 14.2 किलोच्या सिलिंडरमधली उष्णता धरून हिशेब केला, तर हे झाले सुमारे 22 कोटी सिलिंडर! आपल्या देशात घरगुती गॅसजोडण्या 33 कोटींच्या आसपास आहेत.

भरण्याचा हंगाम मात्र आपल्या पावसाळ्याहून लांब: एप्रिल ते ऑक्टोबर भरायचं, थंडीत उपसायचं. 2022च्या फेब्रुवारीत रेडेन जवळजवळ कोरडं होतं आणि ताबा होता रशियाच्या गाझप्रोम कंपनीकडे. युक्रेनवर हल्ला झाला, जर्मन सरकारनं एप्रिलमध्ये कारभार हाती घेतला आणि वाट्टेल तो भाव मोजून खरेदी केली. नोव्हेंबरच्या मध्याला देशातली सगळी कोठारं मिळून 100 टक्के भरली होती.

ही सगळी कोठारं मिळून किती? सुमारे 25,000 कोटी युनिट. विजेच्या बिलावर असतं तेच युनिट. एवढी ऊर्जा बॅटऱ्यांत साठवायची, तर विजेच्या मोटारीची बॅटरी 60 युनिटांची धरा, म्हणजे सुमारे 417 कोटी मोटारी लागल्या. वायूची वीज करताना निम्मी ऊर्जा वाया जाते हे मान्य केलं, तरी 200 कोटींच्या वर. जगातल्या एकूण मोटारींपेक्षा हा आकडा मोठा आहे. दुपारचं ऊन रात्रीपर्यंत टिकवायला बॅटरी उत्तम. जुलैचं ऊन जानेवारीपर्यंत टिकवायचं काम तिच्या आवाक्यातलं नाही.

म्हणून आता हायड्रोजन. उन्हावाऱ्याच्या जादा विजेनं पाणी फोडायचं आणि निघालेला वायू मिठाच्या थरात कोरलेल्या कोठीत भरायचा. कोठी कोरायची पद्धत मोठी मजेशीर: भोक पाडायचं, गोडं पाणी सोडायचं, मीठ विरघळलं की खारं पाणी उपसायचं. इंग्लंडमध्ये टीसाइडला 1972पासून अशा तीन छोट्या कोठ्यांत हायड्रोजन आहे. अमेरिकेत युटामधल्या डेल्टा गावाजवळच्या दोन कोठ्या मात्र राक्षसी, एकेक हजार फुटांहून उंच. दोन्ही मिळून ऊर्जा मावते 30 कोटी युनिट.

आकडा दिपवणारा आहे, पण रेडेनशेजारी ठेवून बघा. एकट्या रेडेनमध्ये मावतात सुमारे 4,000 कोटी युनिट. त्यात हायड्रोजनची खोड अशी, की तेवढ्याच घनमीटरमध्ये त्याची उष्णता नैसर्गिक वायूच्या जेमतेम एक तृतीयांश. हेच 141 टीएमसी त्यानं भरले, तर हाती येईल 47 टीएमसीइतकाच ऐवज.

कार्बनमुक्तीसाठी जर्मनीनं 2045 साल ठरवलं आहे. तोवर एका रेडेनची जागा घ्यायला युटासारख्या कोठ्या लागतील 267.