थंडी, पहाट आणि महाधमनी

२५ ऑक्टोबर १७६०ची सकाळ. ग्रेट ब्रिटनचे राजे दुसरे जॉर्ज सहा वाजता उठले, नेहमीसारखा चॉकलेटचा पेला घेतला आणि सव्वासातच्या सुमारास शौचगृहात गेले. थोड्याच वेळात काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज आला. सेवक धावत आत गेला, तेव्हा ७६ वर्षांचे राजे जमिनीवर पडलेले होते. पुढे राजवैद्य फ्रँक निकोल्स यांनी शवविच्छेदन केलं आणि जे दिसलं ते बारकाईनं लिहून ठेवलं: हृदयाभोवतीच्या पिशवीत सुमारे अर्धा लिटर गोठलेलं रक्त, आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या आतल्या अंगाला दीडेक इंचाची आडवी चीर.

आज डॉक्टर याला ‘एओर्टिक डिसेक्शन’ म्हणतात. महाधमनीच्या भिंतीला तीन थर असतात. आतला थर चिरला, की रक्त भिंतीतच घुसतं आणि थर एकमेकांपासून सोलत पुढे सरकतं. छातीत किंवा दोन्ही खांद्यांच्या मधोमध अचानक, काहीतरी टरकन फाटल्यासारखी कळ येते. चीर हृदयालगत असेल, तर उपचाराविना पहिल्या दोन दिवसांत दर तासाला मृत्यूची शक्यता एक-दोन टक्क्यांनी वाढत जाते, असं वैद्यकात मानलं जातं.

निकोल्सना तेव्हा कल्पनाही नसेल, पण राजांच्या मृत्यूची वेळसुद्धा बोलकी होती. १९९६ साली या आजाराची आंतरराष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. तिच्यातल्या ९५७ रुग्णांची माहिती तपासली, तेव्हा सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात सर्वाधिक घटना घडल्याचं दिसलं. ऋतूंचाही ठसा तितकाच स्पष्ट निघाला: हिवाळ्यात २८.४ टक्के, उन्हाळ्यात १९.९ टक्के. मला सर्वांत विलक्षण वाटतं ते यापुढचं. हिवाळ्यातली ही वाढ कडाक्याच्या थंडीच्या शहरांत दिसली, तशीच सौम्य हवेच्या शहरांतही दिसली. मग बर्फच पडायला हवा, असं काही नाही तर!

हे कसं होतं ते पाहायचं, तर एक जुनी चाचणी आहे. हात मनगटापर्यंत बर्फाच्या पाण्यात बुडवायचा, मिनिटभर तसाच ठेवायचा आणि दुसऱ्या दंडावर रक्तदाब मोजायचा. बोटं ठणकू लागतात आणि काही सेकंदांतच दाब चढायला लागतो. गार पडलेला असतो फक्त एक पंजा, उत्तर देतं सगळं शरीर. त्वचेतल्या संवेदकांनी मेंदूला वर्दी दिली, की मज्जातंतू नॉरॲड्रेनलिन सोडतात आणि लहान रक्तवाहिन्या आवळल्या जातात. झाडांना पाणी घालताना पाइपचं तोंड अंगठ्यानं दाबलं, तर आतला दाब वाढतो, तसंच हे. त्यात पहाटे जाग येताना शरीर आपणहून दाब वाढवतच असतं. म्हणजे हिवाळ्यातल्या सकाळी दोन्ही गोष्टी एकावर एक येतात, आणि दिवसाला सुमारे लाखभर ठोके सोसणाऱ्या त्या भिंतीवर ताण वाढतो.

१९८४ साली संशोधक विल्यम कीटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. अंगावर मोजके कपडे असलेल्या स्वयंसेवकांना त्यांनी सहा तास वाहत्या हवेत ठेवलं. हवेचं तापमान होतं २४ अंश सेल्सिअस! आपल्याकडे या तापमानाला थंडी म्हणायला कुणी धजावणार नाही. तरी सरासरी रक्तदाब १२६/६९ वरून १३८/८७ वर गेला आणि रक्ताचा दाटपणा २१ टक्क्यांनी वाढला. त्वचा आवळली, की रक्त शरीराच्या आतल्या भागात लोटलं जातं. शरीराला वाटतं, द्रव जास्त झाला. मूत्रपिंडं पाणी बाहेर टाकतात आणि मागे उरलेलं रक्त घट्ट होतं. थंडीत वारंवार लघवीला का होते, याचं उत्तरही इथेच आहे. घट्ट रक्तात गुठळ्या लवकर धरतात. म्हणून हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात हेही थंडीत वाढतात.

हवेच्या दाबाबद्दलही पुष्कळ बोललं जातं. दाब उतरला, की फुगलेली धमनी फुटते, असं काही ठिकाणच्या नोंदी सुचवतात. इतर ठिकाणी तसा संबंध सापडत नाही. मला ही कल्पना पटत नाही, आणि त्याचं कारण बोरघाटात आहे. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना आपण साडेपाचशे मीटरच्या आसपास वर येतो आणि हवेचा दाब साठेक हेक्टोपास्कलनं उतरतो. पावसाळी कमी दाबाच्या पट्ट्यानं होणाऱ्या फरकापेक्षा हा कितीतरी जास्त. हजारो माणसं रोज हा घाट चढतात. शिवाय बाहेरचा दाब उतरला, की शरीराच्या आतही तो उतरतो. धमनीच्या भिंतीला फरक जाणवायचा कसा? युरोपात कमी दाबाबरोबर बहुधा वारा आणि पाऊस येतो आणि अंग गारठतं. खरा दोष त्या गारठण्याचा असावा.

थंडीच दोषी असेल, तर मग जगात सर्वांत थंड जागी सर्वांत जास्त बळी जायला हवेत. सैबेरियातल्या याकुत्स्क शहरात हे तपासलं गेलं. तिथे पारा उणे ४८ अंशांपर्यंत उतरला, तरी हृदयविकाराचे मृत्यू वाढले नाहीत! उलट अथेन्समध्ये १८ अंशांखाली तापमान एकेक अंश उतरलं, की एकूण मृत्यू २ टक्क्यांहून अधिक वाढत. दक्षिण फिनलंडमध्ये ही वाढ जेमतेम पाव टक्का. बाहेर ७ अंश असताना फिनलंडमधल्या ७२ टक्के लोकांच्या डोक्यावर टोपी होती, अथेन्समध्ये फक्त १३ टक्के. फिनलंडमधली घरंही जास्त उबदार होती.

हे वाचताना नाशिक-पुण्याच्या डिसेंबरातल्या पहाटा आठवल्याशिवाय राहत नाहीत. घरात हीटर नाही, गार फरशी, आणि उजाडायच्या आत दुचाकीवर बसून वाऱ्यात निघालेली माणसं. भारतातल्या लाखो मृत्यूंच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासातही कडाक्याच्या थंडीपेक्षा मध्यम थंडीच्या वाट्याला जास्त मृत्यू आले, कारण तसे दिवसच जास्त असतात. एकट्या थंडीनं निरोगी महाधमनी चिरत नाही. वर्षानुवर्षांचा उच्च रक्तदाब, तंबाखू किंवा मार्फानसारखा आनुवंशिक विकार यांनी ती आधीच कमकुवत झालेली असते. अशा माणसांनी थंडीच्या महिन्यांत घरीच यंत्रावर रक्तदाब बघत राहावा आणि आकडा चढता दिसला, तर गोळ्यांच्या मात्रेबद्दल डॉक्टरांना विचारावं. पहाटे फिरायला जाताना कानटोपी आणि स्वेटर घालावा. आणि ती फाटल्यासारखी कळ आलीच, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणत घरी थांबू नये. जिथे सीटी स्कॅनची सोय आहे अशा रुग्णालयात त्याच क्षणी पोहोचावं.