निनावी वादळापासून ‘शक्ती’पर्यंत

ऑक्टोबर २०२५ च्या सुरुवातीला अरबी समुद्रात ‘शक्ती’ उठलं आणि मुंबई, ठाणे, पालघरला सावधगिरीचा इशारा आला. शहाड आणि टिटवाळ्याच्या मधल्या आंबिवलीतून समुद्र दिसत नाही. तिथं चक्रीवादळ आधी मोबाइलवर पोचतं, तेही नावानिशी. ‘शक्ती’ समुद्रातच विरलं. श्रीलंकेनं सुचवलेलं हे नाव बाईचं वाटतं खरं, पण वादळाला बाईचं नाव देण्याची जुनी चाल कधीच मोडली आहे, आणि ती बायकांनी भांडून मोडायला लावली.

नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईला झोडपून काढणारं चक्रीवादळ निनावीच होतं. इतरत्र मात्र नावं सुरू झाली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात क्लेमेंट रॅग हा हवामानतज्ज्ञ वादळांना बायकांची आणि नावडत्या राजकारण्यांची नावं देई. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करातले हवामानतज्ज्ञ बायकोचं, मैत्रिणीचं नाव वापरू लागले आणि १९५३ पासून अमेरिकेनं ते अधिकृतच केलं. मग बातम्यांत वादळ ‘लहरी’ झालं, ‘नखरेल’ झालं. माणसं मरत होती आणि वर्णन चाललं होतं बाईच्या स्वभावाचं! फ्लोरिडाच्या रॉक्सी बोल्टन यांनी याविरुद्ध हवामान खात्याचा पिच्छाच पुरवला. बायकांऐवजी सिनेटरांची नावं द्या, असंही त्यांनी सुचवलं. १९७५ या आंतरराष्ट्रीय महिला वर्षात ऑस्ट्रेलियानं पुरुषांची नावं यादीत घेतली. अटलांटिकमध्ये हा बदल १९७९ साली झाला. तिथलं पुरुषी नावाचं पहिलं वादळ ‘बॉब’.

बायकांच्या नावाची वादळं लोक कमी गांभीर्यानं घेतात आणि म्हणून जास्त बळी जातात, असं एका अमेरिकी अभ्यासानं २०१४ मध्ये मांडलं. त्यावर टीकाही लगेच झाली: १९५३ ते १९७८ मधली अटलांटिकची सगळीच वादळं बायकांच्या नावांची, आणि तेव्हा इशाऱ्याची साधनं तोकडी. ही टीका रास्त आहे.

आपल्या समुद्रानं हा घोळ टाळला. २००० साली मस्कतच्या बैठकीत नावं द्यायचं ठरलं, २००४ मध्ये ‘ओनिल’पासून सुरुवात झाली. आठ देशांची ६४ नावं होती. २०२० च्या यादीत तेरा देशांची १६९. नाव आठ अक्षरांपर्यंतचं असावं, राजकारण, धर्म, संस्कृती आणि लिंग यांबाबत तटस्थ असावं, असा दंडक. पाकिस्तानचं ‘गुलाब’ घ्या. आपल्याकडे गुलाबरावही असतात आणि गुलाबबाईही. सप्टेंबर २०२१ मध्ये आंध्रच्या किनाऱ्यावर धडकलेल्या याच ‘गुलाब’च्या अवशेषांनी मराठवाड्यातली उभी पिकं पाण्याखाली घातली.

दंडक असूनही चूक होतेच. २०१३ मध्ये श्रीलंकेनं सुचवलेलं ‘महासेन’ हे तिथल्याच एका प्राचीन राजाचं नाव निघालं, लोक चिडले आणि ‘वियारू’ असं नवं बारसं करावं लागलं.

कोकणाला ही परकी नावं तोंडपाठ आहेत. म्यानमारचं ‘फयान’ ११ नोव्हेंबर २००९ ला अलिबाग-मुंबईदरम्यान किनाऱ्यावर आलं. बांगलादेशाचं ‘निसर्ग’ हे नव्या यादीतलं पहिलंच नाव. ३ जून २०२० ला त्यानं रायगडातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. मे २०२१ चं ‘तौक्ते’ पुन्हा म्यानमारचं.

पण नाव मिळतं ते वाऱ्याच्या वेगावर. वारा ताशी ६२ किलोमीटरला पोचला, तरच बारसं. नुसत्या पावसाला नाव नसतं. कल्याण परिसर बुडवणारा २००५ चा प्रलय आजही ‘२६ जुलै’ या तारखेनंच ओळखला जातो. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, त्या पावसालाही नाव नव्हतं. मोहने-आंबिवलीला उल्हासचं पाणी चढतं ते बहुधा अशाच पावसानं. तेव्हा नदीकाठच्या वाचकांनी नावाची वाट पाहू नये. हवामान खात्याच्या जिल्हावार इशाऱ्यात ठाण्यापुढे लाल रंग दिसला, की त्याच रात्री सामान वर चढवावं.