घडी घातली की सेलू थेट समुद्रात!

‘समुद्रावर लिही,’ असं डेस्कवरच्या सरांनी सांगितलं, तेव्हा मला वाटलं ते मागच्या खुर्चीवरच्या कुणाला तरी सांगतायत. कारण मी सेलूची. परभणी जिल्हा. समुद्र पहिल्यांदा बघितला तो अकरावीच्या सहलीत आणि तोही जेमतेम अर्धा तास. सर म्हणाले, ‘हाय सीज ट्रीटी लागू झालीय. आपल्या पोरांना कळेल असं लिही.’ आणि चहाला निघून गेले.

रात्री घरी फोन केला. बाबा म्हणाले, ‘समुद्राचं काय लिहायलीस गं? दुधनेचं लिही, दुधनेचं.’

तसं त्यांचं बरोबर होतं. पण आधी एक गंमत करून बघा. महाराष्ट्राचा नकाशा घ्या. मुंबईच्या किनाऱ्यापासून सेलू सरळ रेषेत साधारण ३८० किलोमीटर आत आहे. (रेल्वेने जायचं तर बरंच जास्त, ते आपल्याला माहितीच आहे!) आता किनारपट्टीवर नकाशाची घडी घाला. सेलू जिथे समुद्रात पडेल, जवळजवळ तिथेच भारताचा हक्क संपतो. कायद्याने प्रत्येक किनारी देशाला २०० सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरचं ‘विशेष आर्थिक क्षेत्र’ मिळतं. त्यातले मासे, तेल, वायू यांवर त्या देशाचा हक्क. पूर्ण मालकी मात्र फक्त पहिल्या १२ मैलांची, म्हणजे २२ किलोमीटरची.

आणि सेलूच्या पुढे? म्हणजे उलट बाजूच्या त्या पाण्यात? तिथे कुणाचंच राज्य नाही. ना भारताचं, ना ओमानचं, ना अमेरिकेचं. जगातल्या समुद्राचा जवळपास दोन तृतीयांश भाग असा आहे. त्याला म्हणतात हाय सीज, आपल्या भाषेत खुला समुद्र. मला गायरान आठवलं. सगळ्यांचं, म्हणून सगळ्यांनी चारायचं, आणि राखायची वेळ आली की कुणाचंच नाही.

राखणदार कोण?

अगदीच कायदा नव्हता असं नाही. १० डिसेंबर १९८२ ला जमैकातल्या माँटेगो बे इथे संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या करारावर सह्या झाल्या. तो १९९४ मध्ये लागू झाला, भारताने १९९५ मध्ये मंजूर केला. त्याला समुद्राची राज्यघटनाच म्हणतात. मला त्यातलं एक कलम फार आवडलं. खुल्या समुद्रात आपल्या झेंड्याचं जहाज चालवायचा हक्क किनारा नसलेल्या देशांनाही आहे. नेपाळलाही आणि मंगोलियालाही. म्हणजे आम्हा सेलूकरांनी समुद्रावर बोलायला हरकत नसावी.

पण या राज्यघटनेत एक मोठं भगदाड राहिलं. खुल्या समुद्रातला एखादा भाग ‘इथे कुणी हात लावायचा नाही’ असं सगळ्यांनी मिळून राखून ठेवायचा, तर तो कसा ठरवायचा, याची सोयच नव्हती. तिथल्या एखाद्या जिवापासून उद्या औषध बनलं, तर फायदा कुणाचा? ज्याच्याकडे जहाज आणि लॅब, त्याचा. यावर चर्चा सुरू झाली आणि चालतच राहिली. जवळपास वीस वर्षं! मार्च २०२३ मध्ये न्यूयॉर्कला रात्रभर, मग पुढचा दिवसभर बैठक चालली आणि शेवटी अध्यक्ष असलेल्या सिंगापूरच्या रेना ली यांनी जहाज किनाऱ्याला लागल्याचं जाहीर केलं. जून २०२३ मध्ये करार स्वीकारला गेला. लागू व्हायला ६० देशांची मंजुरी हवी होती. पहिला नंबर पलाऊ नावाच्या चिमुकल्या बेटदेशाचा. साठावी मंजुरी सप्टेंबर २०२५ मध्ये आली आणि १७ जानेवारी २०२६ ला करार लागू झाला.

भारताने सही केली सप्टेंबर २०२४ मध्ये. पण सही म्हणजे साखरपुडा. लग्न म्हणजे मंजुरी, आणि करार लागू झाला त्या दिवशी आपली मंजुरी झालेली नव्हती. एवढ्या मोठ्या किनाऱ्याच्या देशाने मागच्या बाकावर बसावं, हे मला तरी पटलं नाही.

आमच्या सोयाबीनचा समुद्राशी संबंध

इथपर्यंत लिहून झालं आणि मी अडकले. हे सगळं ठीक. पण माझ्या वर्गातली पोरं विचारणार, ‘मग आपल्याला काय?’

उत्तर घरातच होतं. सप्टेंबर २०२५ चा शेवटचा आठवडा मराठवाड्यातला कुणीही विसरणार नाही. काढणीला आलेलं आमचं सोयाबीन तीन दिवस पाण्यात उभं होतं. शेंगांना कोंब फुटले. बाबा बांधावर जाऊन यायचे आणि काहीच बोलायचे नाहीत. त्या वर्षी माझी हॉस्टेलची फी मामांनी भरली.

तो पाऊस आला कुठून? बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, त्याने ओडिशात गोपाळपूरजवळ किनारा ओलांडला आणि तो आपल्याकडे सरकला. महाराष्ट्र ओला करून त्याचे उरलेसुरले ढग अरबी समुद्रात उतरले आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथे ‘शक्ती’ चक्रीवादळ झालं. हे नाव दिलेलं श्रीलंकेने. आपल्या भागातल्या वादळांची नावं १३ देश मिळून ठरवतात. भारत, पाकिस्तान, इराण, येमेन, सगळे एका यादीत. प्रत्येकाची १३, एकूण १६९ नावं. इतर वेळी एका टेबलावर न बसणारे देश वादळाच्या यादीत शेजारी शेजारी असतात!

आणि उलटंही होतं. २०२३ मध्ये प्रशांत महासागर तापला, एल निनो आला आणि ऑगस्ट असा कोरडा गेला, की १९०१ पासूनच्या नोंदीत देशभरात तसा ऑगस्ट नाही.

अंदाज हा आमच्या तालुक्याचा जिव्हाळ्याचा विषय. अख्ख्या महाराष्ट्राच्या व्हॉट्सॲपवर ज्यांचे हवामान अंदाज फिरतात, ते पंजाबराव डख सेलू तालुक्यातल्याच गुगळी धामणगावचे. बाबा डखांचंही ऐकतात, हवामान खात्याचंही बघतात, आणि मोबाईलवर वाऱ्याचे रंगीत नकाशेही. पण पेरणीच्या आधी जो मोठा अंदाज येतो, त्यासाठी संगणकाला समुद्राच्या पोटातलं तापमान कळावं लागतं. ते कोण मोजतं?

आर्गो नावाचे तरंगते फ्लोट. माणसाच्या उंचीचं पिवळं नळकांडं समजा. ते एक हजार मीटर खोल जाऊन वाहत राहतं, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतं आणि वर येताना पाण्याचं तापमान, खारटपणा मोजत येतं. वर आलं की उपग्रहाला मेसेज, परत बुडी. जगभरात असे चार हजारांच्या आसपास आहेत, तीसेक देशांनी सोडलेले. आणि माहिती कुणाची? सगळ्यांची. चोवीस तासांत फुकट उपलब्ध. तुम्ही आत्ता लॅपटॉपवर उघडून बघू शकता.

आपल्याकडे हे काम ‘इन्कॉइस’ ही संस्था बघते. ती आहे हैदराबादला! तिथेही समुद्र नाही. सेलूहून रात्री गाडीत बसलं की सकाळी पोचतो, इतकी जवळ. समुद्रावर काम करायला समुद्राकाठी जन्मावं लागत नाही, हे मला कुणी बारावीतच सांगायला हवं होतं.

पण नळकांड्याला हद्द कळत नाही. ते वाहत वाहत दुसऱ्या देशाच्या पाण्यात शिरतं. आज त्यावर भांडण होत नाही, कारण खुल्या समुद्रात संशोधन करायची मोकळीक १९८२ च्या करारात लिहिलीय आणि हद्दीत शिरलेल्या फ्लोटचं काय करायचं याचे नियम देशांनी बसून ठरवलेत. एखाद्या मोठ्या देशाने पैसे आखडले, तर या जाळ्याला भोकं पडतात. ती भोकं मग आमच्या जूनच्या अंदाजात दिसणार.

आणि दुधनेचं?

बाबांचं ऐकून सुट्टीत दुधनेवर गेले. ब्रह्मवाकडीजवळ निम्न दुधना प्रकल्प आहे, त्याच्या खालच्या बाजूला. काठावर काय होतं ते सांगायला नको. गुटख्याच्या पुड्या, कुरकुरे, पाण्याच्या बाटल्या, खताची फाटकी गोणी.

दुधना जाते पूर्णेला, पूर्णा गोदावरीला. मग नांदेड, तेलंगणा, राजमहेंद्रवरम आणि बंगालचा उपसागर. म्हणजे आमचा समुद्र मुंबईचा नाहीच, आमचा समुद्र पूर्वेला! आता खरं सांगायचं, तर सेलूची प्रत्येक पुडी तिथे पोचते असं मी म्हणणार नाही. वाटेत इतकी धरणं-बंधारे आहेत, की बरंच तिथेच गाळात अडकत असणार. पण पुरात दारं उघडली की पाणी एकटं जात नाही.

त्याच उपसागराच्या काठाला, ओडिशात, ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. तिथे २०२१ मध्ये एका मादीच्या पायाला टॅग लावला होता, नंबर ०३२३३. ती जानेवारी २०२५ मध्ये सापडली कुठे? गुहागरला! अंडी घालताना. श्रीलंकेला वळसा घालून सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही. तिला नुसतं गुहागरच्या वाळूत राखून भागत नाही. मधल्या पाण्यात ती कुणाच्या जाळ्यात अडकली, कुणाची पिशवी जेलीफिश समजून खाल्ली, तर वनखातं काय करणार?

अडकणं थांबवायला ट्रॉलरच्या जाळ्याला एक खिडकी बसवता येते, कासव बाहेर आणि कोळंबी आत. अमेरिकेने अशा जाळ्यांशिवाय पकडलेली कोळंबी घेणार नाही म्हटलं, तेव्हा भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड चौघे मिळून जागतिक व्यापार संघटनेत गेले. १९९८ चा निकाल असा, की कासवं वाचवा, पण देशादेशांत भेदभाव करू नका. २०१९ पासून मात्र अमेरिकेने आपली समुद्रात पकडलेली कोळंबी याच कारणाने बंद केली. कोळ्यांच्या पोटावर पाय आला आणि मग खिडक्यांची चर्चा जोरात सुरू झाली. आधी का नाही, हा प्रश्न मला अजून छळतोय.

प्लास्टिकचं तर करारापर्यंतही पोचलेलं नाही. २०२२ मध्ये नैरोबीत ठरलं, जागतिक करार करायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाला सगळे जमले आणि हात हलवत परतले. भांडण साधं आहे: प्लास्टिक मुळात कमी बनवायचं, की फक्त कचरा नीट उचलायचा? उत्पादनावर मर्यादा घालायला भारताचाही नकार होता. दुधनेच्या काठावर उभं राहून मला वाटलं, उचलणार कोण ते तरी सांगा.

लेख पूर्ण झाल्यावर बाबांना फोनवर वाचून दाखवला. कासवाचं आवडलं. मग म्हणाले, ‘ते नळकांडं बंद पडलं तर कोण काढायलंय?’

मी शोधलं. चार-पाच वर्षांत बॅटरी संपते. बहुतेक फ्लोट कुणी परत आणत नाही, ते समुद्रातच राहतात.

‘म्हणजे अंदाजाचाही कचरा होतोच की,’ बाबा म्हणाले. मग थोडं थांबून, ‘यंदा काय म्हणायलेत? सोयाबीन घ्यावं का कापूस?’