आरएक्स-८ : आधीच्या मालकाच्या सवयींसकट येणारी गाडी

ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारात दीड-दोन हजार पौंडांना एक जपानी स्पोर्ट्स कार मिळते. बसायला चार माणसे, जोर मागच्या चाकांना, आणि इंजिन असे की मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांपर्यंत बिनतक्रार चढते. माझदा आरएक्स-८ हे तिचे नाव. पहिल्यांदाच असली गाडी घेऊ पाहणाऱ्याला किमतीचा मोह पडतो आणि मोहाबरोबर शंकाही येते, की एवढी चांगली गाडी एवढी स्वस्त कशी? याचे उत्तर तिच्या इंजिनात आहे. त्याहून जास्त ते इंजिन आजवर ज्याने हाताळले त्या माणसात आहे.

नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि त्या हालचालीतून पुढे चाक फिरवावे लागते. या गाडीच्या वांकेल इंजिनात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्टही नाही. फुगीर बाजूंचा एक लोखंडी त्रिकोण, म्हणजे रोटर, कंबरेत किंचित आवळलेल्या लांबट पोकळीत फिरत राहतो. त्याच्या तीन बाजू आणि पोकळीची भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे होतात. रोटर फिरेल तसे हे कप्पे लहान-मोठे होतात. एकात पेट्रोल आणि हवा ओढली जात असते तेव्हा दुसऱ्यात ती दाबून पेटत असते आणि तिसऱ्यातून धूर बाहेर पडत असतो. रोटरच्या एका फेऱ्यात शाफ्टचे तीन फेरे होतात. आरएक्स-८मध्ये प्रत्येकी ६५४ सीसीचे असे दोन रोटर आहेत, म्हणजे सारे मिळून १३०८ सीसी. एवढ्याशा इंजिनातून, टर्बो न लावता, ब्रिटनमधल्या वरच्या मॉडेलला २३१ अश्वशक्ती मिळते.

रोटरच्या तीन टोकांना तीन पातळ पट्ट्या बसवलेल्या असतात. त्यांना अपेक्स सील म्हणतात. एका कप्प्यातला दाब दुसऱ्यात जाऊ न देणे हे त्यांचे काम. ते करताना त्या इंजिन चालू आहे तोवर भिंतीवर घासत राहतात. रोटरी इंजिनाचा सगळा इतिहास या पट्ट्यांभोवती फिरतो, आणि जुनी आरएक्स-८ घेणाऱ्याचे नशीबही.

फेलिक्स वांकेलच्या कल्पनेवरचे पहिले इंजिन १९५७ साली जर्मनीत नेकार्सउल्म इथल्या एनएसयू कंपनीत सुरू झाले. याच कंपनीची आरओ ८० ही मोठी, देखणी गाडी १९६७मध्ये आली आणि पुढच्या वर्षी तिला युरोपातल्या सर्वोत्तम गाडीचा मान मिळाला. पण सील झिजू लागले, वॉरंटीत इंजिने बदलून देता देता कंपनीची तिजोरी रिकामी झाली, आणि १९६९मध्ये एनएसयू फोक्सवागनच्या छत्राखाली गेली.

हिरोशिमाच्या माझदाने हेच तंत्र १९६१च्या कराराने घेतले होते. तिथल्या इंजिनांच्या भिंतींवरही आडवे ओरखडे उमटत. त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. केनइची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ अभियंत्यांचे पथक या कामाला लागले. शेवटी कार्बनमध्ये अ‍ॅल्युमिनियम मुरवलेले सील टिकले आणि १९६७मध्ये कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली. पुढे १९७८मध्ये आरएक्स-७ निघाली. १९९१मध्ये तर चार रोटरच्या ७८७बीने ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. ती शर्यत जिंकणारी ती पहिली जपानी गाडी. जे इंजिन टिकत नाही म्हणून जगभरच्या कंपन्यांनी सोडून दिले होते, त्याने चोवीस तास धावून हा विजय मिळवला. मला या घटनेचे मोल फार वाटते, कारण वांकेल म्हणजे मुळातच नाजूक यंत्र, ही समजूत तिने खोटी ठरवली. काळजी नेमकी कुठे घ्यायची हे ज्यांना ठाऊक होते, त्यांच्या हातात ते टिकले.

आरएक्स-८ आली २००३मध्ये. तिच्या रेनेसिस इंजिनात धूर बाहेर सोडणारी छिद्रे पोकळीच्या गोल भिंतीतून काढून बाजूच्या पाट्यांत नेली होती. त्यामुळे न जळलेले पेट्रोल धुराबरोबर वाया जाणे कमी झाले. त्या वर्षीचा आंतरराष्ट्रीय इंजिन पुरस्कार याच इंजिनाने पटकावला. आकाराने लहान असल्यामुळे ते पुढच्या चाकांच्या आसाच्या मागे बसते, आणि गाडीचे वजन पुढे-मागे जवळपास सारखे वाटले जाते. वळणावर ही गाडी किती हलकी वाटते हे चालवल्याशिवाय कळत नाही. मागचे दरवाजे उलटे उघडतात, मध्ये खांब नाही. गिअरच्या मुठीवरही रोटरचा त्रिकोण कोरलेला आहे.

आता ही गाडी बिघडते कशी ते पाहू.

सीलला वंगण हवे, म्हणून एक छोटा पंप इंजिनातलेच ऑइल थोडे थोडे कप्प्यांत सोडतो आणि ते पेट्रोलबरोबर जळते. याचा अर्थ ही गाडी ऑइल खाते तो दोष नव्हे, तशी तिची रचनाच आहे. हजार-दीड हजार किलोमीटरला लिटरभर लागू शकते. ज्याला हे कुणी सांगितले नाही, तो सर्व्हिसिंगपर्यंत बॉनेट उघडतच नाही. मग पातळी उतरते आणि सील कोरडे घासतात.

दुसरी गोष्ट थंड इंजिनाची. सकाळी गाडी सुरू करून दारातून रस्त्यापर्यंत सरकवली आणि लगेच बंद केली, तर आत जास्तीचे पेट्रोल साचते, भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन निघतो, प्लग ओले होतात, आणि पुन्हा कितीही सेल्फ मारला तरी इंजिन उठत नाही. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारायचा. त्याने पेट्रोलचा पुरवठा थांबतो आणि आतले बाहेर फेकले जाते. पण खरा उपाय एकच आहे. एकदा सुरू केलेली गाडी पुरती गरम झाल्याशिवाय बंद करायची नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महाग पडते आणि तिची सुरुवात सर्वांत स्वस्त भागापासून होते. या इंजिनाला चार प्लग आणि चार इग्निशन कॉइल आहेत. कॉइल काही वर्षांत अशक्त होतात. ठिणगी हुकू लागली की न जळलेले पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते, आतली जाळी वितळून तुंबते, धूर अडतो, उष्णता मागे इंजिनावर येते आणि त्या तापाने सील जातात. वेळेवर चार कॉइल बदलल्या असत्या तर वाचले असते असे इंजिन शेवटी खोलावे लागते, आणि त्याचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतो.

दोष सगळा मालकांचा होता असे मी म्हणणार नाही. अमेरिकेत माझदाला २००४ ते २००८च्या गाड्यांच्या इंजिनाची वॉरंटी आठ वर्षे किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली. २००८मध्ये आलेल्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक रोटरसाठी ऑइल सोडणाऱ्या दोन तोट्यांच्या तीन झाल्या. पैसे थोडे जास्त असतील तर हीच आवृत्ती शोधावी.

म्हणून गाडी पाहायला जाताना रंग आणि सीट नंतर पाहा. मालकाला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावून ते थंड असल्याची खात्री करा, डिपस्टिक काढून ऑइल पाहा, मग सुरू करा. अर्धा तास तरी चालवा, आणि इंजिन गरम झाल्यावर निर्धास्तपणे वरच्या फेऱ्यांपर्यंत न्या. मग बंद करून दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा सुरू करा. खरी परीक्षा इथे होते. सील झिजलेले इंजिन थंड असताना एकदम सुरू होते आणि गरम झाल्यावर सेल्फ खात बसते. तापमानाच्या काट्यावर मात्र विसंबू नका. तो मध्यावर स्थिर राहतो आणि हलतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्यामुळे कूलंटची पातळी स्वतः पाहावी.

मालकाला बोलते करा. ऑइल कधी भरता, कॉइल कधी बदलल्या, रोज किती अंतर चालवता? पावत्या दाखवणारा आणि ऑइलचा कॅन डिकीत ठेवणारा मालक भेटला, तर गाडीने लाख मैल ओलांडले असले तरी विचार करावा. 'फार चालवली नाही, नुसती दारात उभी असते' असे कुणी कौतुकाने सांगितले, तर मी सावध होईन.

हे सगळे जमले तरी शेवटचा शब्द कॉम्प्रेशन टेस्टचा. साध्या गॅरेजातले पिस्टन इंजिनाचे मीटर इथे चालत नाही, कारण प्रत्येक रोटरचे तीन आकडे वेगवेगळे दिसावे लागतात. रोटरीचे काम करणाऱ्या मेकॅनिककडेच जा. मिनिटाला २५० फेऱ्यांच्या हिशेबाने नव्या इंजिनाचा आकडा सुमारे ८.५ किलो प्रति चौरस सेंटीमीटर येतो. ६.९ ही खालची मर्यादा, त्याखाली इंजिन संपले असे समजावे. एकाच रोटरच्या आकड्यांत दीडपेक्षा आणि दोन रोटरांत एकपेक्षा जास्त फरक नसावा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. मागच्या चाकांवरच्या कमानी आणि दरवाज्यांखालचा पत्रा गंजतो, तो वाकून पाहा. ब्रिटनमध्ये २३ मार्च २००६च्या आधी नोंदलेल्या गाडीला रस्त्याचा वार्षिक कर बराच कमी पडतो, म्हणून नोंदणीची तारीख वाचा. अ‍ॅव्हरेज लिटरला सहा ते आठ किलोमीटर धरून चाला. रोटरीची ज्वलनाची जागा लांब आणि चपटी असते, तिथे उष्णता भिंतीत जाते आणि सगळे पेट्रोल नीट जळत नाही. यावर कोणताही ट्यूनिंगवाला उपाय देऊ शकत नाही.

भारतातल्या वाचकांसाठी ही गाडी बहुतेक पाहण्यापुरतीच उरते. तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी आणण्याला आयातीचे सर्वसाधारण नियम मनाई करतात, आणि आरएक्स-८चे उत्पादन २०१२मध्येच थांबले. पण ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात किंवा न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला ती सहज मिळू शकते, आणि त्यांच्यातल्या गाडीवेड्या तरुणांसाठीच मी हे लिहितो आहे. रोज दोन किलोमीटरवर मुलांना शाळेत सोडायला गाडी हवी असेल, तर ही घेऊ नका. त्या वापराने चांगले इंजिनही लवकर जाईल. आठवड्यात एक-दोनदा लांब रस्त्यावर चालवणार असाल, दर दुसऱ्या पेट्रोलला डिपस्टिक काढणार असाल आणि खरेदीनंतर इंजिनासाठी तेवढेच पैसे बाजूला ठेवणार असाल, तर जरूर घ्या. आणि कॉम्प्रेशनचा कागद हातात आल्याशिवाय, विक्रेता कितीही घाई करो, पैसे देऊ नका.