मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आणि स्वयंचलित माहितीपुस्तिका

ई-प्रशासनाच्या प्रणालींमध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण केंद्र सरकारने २०१५ मध्ये जाहीर केले. ज्याची मूळ संहिता कोणालाही पाहता, तपासता व बदलता येते, ते मुक्त स्रोत सॉफ्टवेअर होय. परंतु संहिता खुली असूनही तिचा वापर समजावून देणारी माहितीपुस्तिका जुनी असेल, तर हे स्वातंत्र्य मूठभर जाणकारांपुरतेच उरते.

पुस्तिका मागे पडते, याचे कारण साधे आहे. संहितेत वारंवार बदल होतात. पुस्तिका मात्र निराळ्या ठिकाणी, निराळ्या व्यक्तींकडून सवडीने लिहिली जाते. परिणामी, पुस्तिकेत दिलेली आज्ञा नव्या आवृत्तीत चालेनाशी होते आणि वापरकर्ता अडून राहतो.

यावरील उपाय म्हणजे संहिता व पुस्तिका एकाच भांडारात ठेवणे. पुस्तिका साध्या मजकुराच्या स्वरूपात, मोजक्या खुणा वापरून लिहिली जाते. भांडारात बदल नोंदविला जाताच संगणक तो मजकूर उचलतो, त्यापासून संकेतपृष्ठे व छपाईयोग्य प्रत तयार करतो आणि ती प्रसिद्ध करतो. अंतर्गत दुवा तुटलेला आढळल्यास प्रकाशन रोखण्याचीही सोय करता येते.

गेऑर्ग ब्रांडल यांनी पायथन या संगणकभाषेच्या माहितीपुस्तिकेसाठी तयार केलेले ‘स्फिंक्स’ हे साधन २००८ मध्ये उपलब्ध झाले. लिनक्सच्या गाभ्याची माहितीही २०१६ पासून स्फिंक्सकडे वळविण्यात आली. २०१० मध्ये सुरू झालेली ‘रीड द डॉक्स’ ही सेवा मुक्त स्रोत प्रकल्पांसाठी हे प्रकाशन विनामूल्य करते. तेथे प्रत्येक आवृत्तीची पुस्तिका स्वतंत्रपणे जतन करता येते; त्यामुळे जुनी आवृत्ती वापरणाऱ्यासही योग्य माहिती मिळते. पायथनमधील ‘डॉकटेस्ट’ ही सुविधा तर पुस्तिकेतील उदाहरणे प्रत्यक्ष चालवून पाहते आणि अपेक्षित उत्तर न आल्यास चूक दाखविते.

बहुभाषिक भारताच्या दृष्टीने अनुवादाची व्यवस्था विशेष महत्त्वाची आहे. स्फिंक्स मूळ मजकुराचे परिच्छेदवार तुकडे करून ते अनुवादकाला उपलब्ध करून देते. मूळ परिच्छेद बदलल्यास त्याच्या जुन्या अनुवादावर शंकेची खूण करता येते. असा अनुवाद तपासला जाईपर्यंत त्या जागी मूळ मजकूरच दाखविता येतो. त्यामुळे संपूर्ण पुस्तिका नव्याने अनुवादित करावी लागत नाही आणि कालबाह्य सूचनाही वाचकापर्यंत पोहोचत नाही.

अर्थात, यंत्रणा प्रकाशन करते. स्पष्टीकरण सुबोध आहे की नाही, हे ती ठरवू शकत नाही. ते काम लेखकाचे व परीक्षकाचेच. म्हणूनच सार्वजनिक निधीतून सॉफ्टवेअर तयार करवून घेताना, संहितेतील बदलासोबत पुस्तिकेतील बदलही सादर झाल्याशिवाय तो स्वीकारू नये, अशी अट घालणे हिताचे ठरेल. मूळ संघ बदलला तरी पुढे येणाऱ्यांना ती प्रणाली चालविता आली, तरच ती खऱ्या अर्थाने सार्वजनिक म्हणता येईल.